मैदानातून न्यायासनाकडे



एका खोलीत धिप्पाड शरीरयष्टीचे काही खेळाडू बसले आहेत. प्रत्येकाच्या हातात डावपेचांची वही आहे. प्रशिक्षक सांगतात, आज एकेकाने मोठ्याने वाचायचे. पहिला घडाघडा वाचतो. दुसरा अडखळतो. तिसरा अक्षरावर बोट ठेवून कसाबसा पुढे सरकतो आणि कुणाला तर वाचताच येत नाही. खोलीत शांतता पसरते. एरवी मैदानावर समोरच्याला एका धडकेत लोळवणारी ही माणसे खाली मान घालून बसतात.

हे सारे कॉलेजात जाऊन आलेले होते. शाळेत चार वर्षे, कॉलेजात चार वर्षे त्यांनी काढली होती. पण चेंडू चांगला खेळतो म्हणून कुणी त्यांना वाचायला बसवलेच नाही. वरच्या वर्गात ढकलत ढकलत इथवर आणले.

त्या खोलीत बसलेला एक खेळाडू हा प्रसंग पुढे आयुष्यभर शाळाशाळांतून सांगत राहिला. त्याचे नाव अ‍ॅलन पेज. हा माणूस अमेरिकन फुटबॉलमध्ये पंधरा वर्षे खेळला, खेळता खेळता वकील झाला आणि अखेर आपल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायासनावर बसला. आजच्या सदरात त्यांची ओळख करून घेऊ.

पोलादाच्या गावातला मुलगा

अमेरिकेच्या ओहायो राज्यात कँटन नावाचे गाव आहे. पोलादाच्या भट्ट्यांचे, कारखान्यांचे आणि पाळीवर जाणाऱ्या कामगारांचे हे गाव. ७ ऑगस्ट १९४५ रोजी अ‍ॅलनचा जन्म या गावी एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. घरची श्रीमंती नव्हती. पण आई-वडिलांचा एक हट्ट होता. मुलांनी शाळेत नीट शिकायचे, जे करायचे ते मन लावून करायचे. अ‍ॅलन तेरा वर्षांचा असताना आई गेली. आई गेली तरी तिचा हट्ट मुलाच्या मनात राहिला.

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक ऐतिहासिक निकाल दिला. काळ्या मुलांसाठी वेगळी आणि गोऱ्या मुलांसाठी वेगळी सरकारी शाळा ठेवणे घटनाबाह्य आहे, असा हा ‘ब्राऊन’ खटल्याचा निकाल. अ‍ॅलन तेव्हा आठ वर्षांचा होता. न्यायालयातील माणसे लेखणीच्या बळावर एवढी मोठी गोष्ट बदलू शकतात, हे त्या मुलाच्या मनावर कोरले गेले. टीव्हीवर पेरी मेसन नावाच्या वकिलाची मालिका लागे, तिचीही त्यात भर पडली. गावातल्या पोलाद कारखान्यात जन्म काढण्यापेक्षा वकिली बरी, असे त्याने लहानपणीच ठरवले. फुटबॉल खेळायचा विचार त्याच्या मनात नंतर आला. वकिलीचा आधी आला. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढची सारी हकीकत तिच्यावर उभी आहे.

कँटन गावाचे फुटबॉलशी जुने नाते आहे. १९२० मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या संघटनेची स्थापना इथेच झाली. सुरुवातीला तिच्यात मूठभर कृष्णवर्णीय खेळाडू होते. पण १९३४ पासून १९४५ पर्यंत, सलग बारा हंगाम, एकाही काळ्या खेळाडूला तिच्यात जागा मिळाली नाही. लेखी नियम कुठेच नव्हता, पण दार बंद होते. १९४६ मध्ये ते दार पुन्हा उघडले. त्याच वर्षी एका दुसऱ्या स्पर्धेतील क्लीव्हलँडच्या संघानेही दोन काळे खेळाडू घेतले. त्यांपैकी मॅरियन मॉटली हा कँटनमध्येच वाढलेला होता. म्हणजे अ‍ॅलन एक वर्षाचा असताना त्याच्याच गावच्या माणसाने वाट मोकळी करायला हातभार लावला होता.

१९६३ साली अ‍ॅलन शाळेतून उत्तीर्ण झाला. त्या वेळी गावात फुटबॉलच्या थोर खेळाडूंचे स्मारक-संग्रहालय उभे राहत होते. अमेरिकेत त्याला ‘हॉल ऑफ फेम’ म्हणतात. या इमारतीच्या बांधकामावर अ‍ॅलनने मजुरी केली. पंचवीस वर्षांनी त्याच इमारतीत स्वतःचा अर्धपुतळा बसणार आहे, हे त्याला तेव्हा कोणी सांगितले असते तर तो हसला असता.

हा खेळ आहे तरी कसा?

आपल्याकडे फुटबॉल म्हटले की पायाने मारायचा गोल चेंडू आठवतो. अमेरिकन फुटबॉल वेगळा. चेंडू लांबट असतो आणि बहुतेक वेळ हातात घेऊन पळायचा किंवा फेकायचा असतो. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे असते. जमले तर आणखी चार प्रयत्न मिळतात, न जमले तर चेंडू दुसऱ्यांकडे जातो. चेंडू हाती घेऊन डाव चालवणाऱ्याला क्वार्टरबॅक म्हणतात. त्याच्यापुढे दांडग्या गड्यांची भिंत उभी असते. ती भिंत फोडून क्वार्टरबॅकला चेंडू फेकायच्या आत जमिनीवर आणणे, हे समोरच्या बचावफळीचे काम.

अ‍ॅलन पेज यांचे काम हेच होते. सुमारे सव्वासहा फूट उंची आणि एकशे दहा किलोच्या आसपास वजन. पण नुसत्या वजनाने भिंत फुटत नाही. कबड्डीत चढाईला आलेल्याचे पाय आणि डोळे वाचणारा गडी जसा आधीच पुढे सरकतो, तसे पेज चेंडू हलताक्षणी पुढे झेपावत. समोरचा सावरेपर्यंत ते आत शिरलेले असत.

नोटर डेम विद्यापीठात ते शिकले आणि खेळले. १९६६ साली त्या विद्यापीठाचा संघ राष्ट्रीय विजेता ठरला. १९६७ मध्ये त्यांनी राज्यशास्त्राची पदवी घेतली. त्याच वर्षी मिनेसोटा व्हायकिंग्ज या व्यावसायिक संघाने पहिल्याच फेरीत त्यांची निवड केली. अंगावर ८८ क्रमांकाचा जांभळा सदरा आला. मिनेसोटा हा कॅनडाच्या सीमेला लागून असलेला, हाडे गोठवणाऱ्या थंडीचा प्रदेश. उघड्या मैदानावर, बर्फात सामने होत. पेज, कार्ल एलर, जिम मार्शल आणि गॅरी लार्सन या चौघांच्या बचावफळीची सगळ्या देशात दहशत बसली.

१९७१ साली पेज यांना वर्षातील सर्वांत मौल्यवान खेळाडूचा मान मिळाला. हा मान बहुधा चेंडू फेकणाऱ्याला किंवा चेंडू घेऊन पळणाऱ्याला मिळतो, कारण गुण त्यांच्या नावावर लागतात. बचाव करणाऱ्याला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ. नंतर १९८६ मध्ये लॉरेन्स टेलर यांना तो मिळाला. बचावातील हे दोनच.

यशाबरोबर अपयशही होते. या खेळाच्या अंतिम सामन्याला सुपर बोल म्हणतात. पेज यांचा संघ १९७०, १९७४, १९७५ आणि १९७७ या चार वर्षी जानेवारीत अंतिम सामन्याला गेला आणि चारही वेळा हरला. अमेरिकेत आजही त्या संघाची यावरून थट्टा होते. पेज यांनी मात्र या पराभवांना आयुष्याची मोजपट्टी कधी मानले नाही.

मालकांपुढे उभे राहणे

आपल्या वाचकांत कामगार पुष्कळ आहेत, म्हणून ही गोष्ट थोडी सविस्तर सांगतो. मैदानावर लाखो लोक ज्यांच्यासाठी टाळ्या वाजवत, त्या खेळाडूंची स्थिती करारापुरती वेठबिगारासारखी होती. करार संपल्यावरही खेळाडूला दुसऱ्या संघात सुखाने जाता येत नसे. दुसऱ्या संघाने त्याला घेतले, तर जुन्या संघाला भरपाई किती द्यायची ते संघटनेचा प्रमुख ठरवी. ही भरपाई एवढी जबर असू शके की दुसरा संघ त्या वाटेलाच जात नसे. त्यामुळे मालक देईल तो पगार घ्यायचा आणि गप्प बसायचे.

पेज गप्प बसले नाहीत. ते आपल्या संघातील खेळाडूंचे प्रतिनिधी झाले आणि देशभरच्या खेळाडू संघटनेच्या कार्यकारिणीवर गेले. १९७४ च्या जुलैत खेळाडूंनी संप केला. तो सुमारे सहा आठवडे चालला. संपातून हाती फारसे लागले नाही. पण लढाई न्यायालयात चालू राहिली आणि १९७६ मध्ये अपील न्यायालयाने तो भरपाईचा नियम बेकायदेशीर ठरवला. रस्त्यावर जे मिळाले नाही, ते कायद्याच्या आधारे मिळाले. लहानपणी ‘ब्राऊन’ निकालात पाहिलेली कायद्याची ताकद पेज यांना आता स्वतःच्या धंद्यात दिसली.

दिवसा धडक, रात्री पुस्तक

नव्या खेळाडूच्या उमेदीच्या काळात पेज यांनी एकदा विधी महाविद्यालयात नाव घातले होते. तीन आठवड्यांत सोडून दिले. तयारी नव्हती. ही गोष्ट ते लपवत नाहीत. एखाद्याने म्हटले असते, झाले, आता खेळातच पैसा आहे, पुस्तके कशाला?

१९७५ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, ते पुन्हा वर्गात जाऊन बसले. या वेळी मिनेसोटा विद्यापीठात. त्या वेळी ते देशातील सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक होते. अंगावर मार, आठवड्याला एक सामना, विमानाचे प्रवास, आणि बरोबर कायद्याची जाडजूड पुस्तके. वर्गातील बाकीची मुले आठ-दहा वर्षांनी लहान. १९७८ मध्ये ते कायद्याचे पदवीधर झाले.

मध्यंतरी घरात आणखी एक बदल घडला होता. १९७३ मध्ये त्यांचे लग्न डायान सिम्स यांच्याशी झाले. डायान यांनी सिगारेट सोडायची ठरवली आणि धावायला सुरुवात केली. नवराही बरोबर धावू लागला. धावता धावता पेज यांचे वजन उतरले. आता एवढ्या हलक्या माणसाचा बचावफळीत काय उपयोग, असे त्यांच्या संघाच्या व्यवस्थापनाला वाटू लागले. ऑक्टोबर १९७८ मध्ये, हंगामाचे सहा सामने झाले असताना, व्हायकिंग्जनी त्यांना काढून टाकले. शिकागो बेअर्स संघाने त्यांना उचलले, ते ठरावीक शंभर डॉलर भरून. अकरा वर्षे ज्या संघासाठी रक्त आटवले, त्याने ही किंमत केली.

वाचकहो, कायद्याची पदवी त्याच वर्षी हाती आली होती हे लक्षात घ्या. ज्याच्याजवळ फक्त खेळ होता, तो माणूस त्या दिवशी कोलमडला असता. पेज शिकागोला गेले आणि आणखी ५८ सामने खेळले. १९७९ मध्ये ते पूर्ण मॅरेथॉन धावले. खेळत असताना असे करणारा त्या स्पर्धेतील पहिला खेळाडू म्हणून त्यांची नोंद आहे. त्याच साली वकिलीची सनद मिळाली. मिनीआपोलिसच्या एका वकिली कंपनीत त्यांनी काम धरले. डिसेंबर १९८१ मध्ये ते निवृत्त झाले. पंधरा हंगामांत २१८ सामने झाले, त्यांतील एकही त्यांनी चुकवला नाही. ज्या खेळात बहुतेकांची कारकीर्द तीन-चार वर्षांत आटोपते, तिथे ही हजेरी पाहून कुठल्याही कारकुनाने मस्टर मिटून नमस्कार करावा.

न्यायासनाचे दारही ठोठवावे लागले

१९८५ पासून पेज राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कार्यालयात सरकारी वकील म्हणून काम करू लागले. मिनेसोटात न्यायमूर्ती सहा वर्षांसाठी लोकांच्या मतांनी निवडले जातात. पण प्रत्यक्षात एक युक्ती चाले. निवडणूक जवळ आली की न्यायमूर्ती आधीच निवृत्त होत, गव्हर्नर आपल्या पसंतीचा माणूस नेमत आणि निवडणूक टळे. १९९२ मध्ये तर एका न्यायमूर्तींची मुदत गव्हर्नरांनी वाढवून दिली आणि त्या जागेची निवडणूकच रद्द झाल्यासारखी झाली. पेज यांना ती निवडणूक लढवायची होती.

त्यांनी गव्हर्नरांविरुद्ध दावा लावला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका जागेचा हा वाद, म्हणून नेहमीच्या न्यायमूर्तींऐवजी दुसऱ्यांचे पीठ बसवावे लागले. त्या पीठाने पेज यांच्या बाजूने निकाल दिला आणि निवडणूक घ्यायला लावली. नोव्हेंबर १९९२ मध्ये पेज ती जिंकले. मैदानामुळे नाव घरोघर माहीत होते, त्याचा फायदा झाला हे उघड आहे. पण निवडणुकीला उभे राहण्याचा हक्क त्यांनी कायद्याच्या अभ्यासाने मिळवला होता. जानेवारी १९९३ मध्ये ते मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. पुढे १९९८, २००४ आणि २०१० मध्ये लोकांनी त्यांना पुन्हा निवडले.

त्यांच्या कामातील दोनच गोष्टी सांगतो. १९९३ मध्येच शाळांच्या पैशाचा एक मोठा खटला न्यायालयापुढे आला. तिकडे शाळांना बराचसा पैसा त्या त्या भागातील मालमत्ता करातून मिळतो. ज्या भागात मालमत्ता कमी, तिथल्या शाळेची तिजोरीही लहान. ही विषमता घटनेत बसते का, असा प्रश्न होता. बहुमताने न्यायालयाने ती व्यवस्था वैध ठरवली. नव्यानेच आलेल्या पेज यांनी विरोधी मत नोंदवले. ते अल्पमतात राहिले, पण मत नोंदीला लागले.

दुसरी गोष्ट २००९ ची. मिनेसोटातून अमेरिकन सिनेटवर कोण जाणार यावर महिनोन् महिने वाद चालला होता. साऱ्या राज्यात मिळून फरक होता ३१२ मतांचा. मुख्य न्यायमूर्ती मतमोजणीच्या मंडळावर बसलेले असल्यामुळे बाजूला झाले आणि अध्यक्षस्थान पेज यांच्याकडे आले. पाच न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला आणि अ‍ॅल फ्रँकन सिनेटवर गेले. साऱ्या देशाचे डोळे लागलेल्या त्या प्रकरणात निकाल देणाऱ्या पीठाचा प्रमुख पोलादाच्या गावातून आलेला, गळ्यात बो-टाय बांधणारा हा जुना खेळाडू होता.

ऑगस्ट २०१५ मध्ये सत्तर वर्षे पूर्ण झाली आणि नियमाप्रमाणे ते निवृत्त झाले.

वर्षाचे पन्नास तास

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो. १९८८ मध्ये कँटनच्या त्या स्मारकात पेज यांचा समावेश झाला. अशा समारंभात खेळाडूची ओळख करून द्यायला बहुधा त्याचे प्रशिक्षक किंवा जुने सहकारी असतात. पेज यांनी बोलावले विलारीन बीझली या बाईंना. त्या मिनीआपोलिसच्या एका सरकारी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. फुटबॉलच्या सर्वांत मोठ्या व्यासपीठावर एका शिक्षिकेला उभे करून पेज यांनी भाषण केले ते शिक्षणावर. डावपेचांची वही वाचू न शकणारे सहकारी ते विसरले नव्हते.

त्याच वर्षी पती-पत्नींनी ‘पेज एज्युकेशन फाऊंडेशन’ स्थापन केले. मिनेसोटातील काळ्या व इतर वंचित वर्णसमूहांच्या मुलांना शाळेनंतरच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणे, हे त्याचे काम. शिष्यवृत्त्या जगात पुष्कळ आहेत. हिची अट वेगळी आहे. जो विद्यार्थी पैसे घेईल, त्याने वर्षाला किमान पन्नास तास लहान मुलांना शिकवण्यासाठी, त्यांना अभ्यासात मदत करण्यासाठी द्यायचे. पैसे परत करायचे नाहीत, वेळ परत करायचा, आणि तोही देणाऱ्याला नव्हे, आपल्या मागून येणाऱ्याला. आजवर हजारो मुले या अटीवर शिकली आहेत.

या अटीत मोठे शहाणपण आहे. लहान मुलाला न्यायमूर्ती दूरचा वाटतो. फुटबॉलपटू तर आणखी दूरचा, टीव्हीतला. पण आपल्यासारख्याच घरातला, दोन गल्ल्या पलीकडे राहणारा, कॉलेजात जाणारा ताई-दादा शेजारी बसून गणित समजावतो, तेव्हा त्या मुलाला आपला रस्ता दिसतो. शिकवणाऱ्या मुलालाही कळते की आपण कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत.

पेज स्वतःही शाळांत जात. मैदानावर वारंवार निखळून त्यांच्या हाताची करंगळी काटकोनात वाकडी झाली आहे. मुले भाषण ऐकण्याआधी ती करंगळीच बघत. म्हणून शिक्षिका असलेल्या आपल्या मुलीबरोबर त्यांनी २०१३ मध्ये त्या करंगळीवरच मुलांसाठी पुस्तक लिहिले. शहरात मॅरेथॉन असली की हा माणूस भलेमोठे पितळी वाद्य घेऊन रस्त्याकडेला उभा राहतो आणि धावणाऱ्यांना उत्साह यावा म्हणून वाजवतो.

२०१७ मध्ये मिनीआपोलिसच्या एका शाळेतील मुलांनी आपल्या शाळेचे नाव बदलण्याची मोहीम चालवली. ज्या जुन्या गव्हर्नरचे नाव शाळेला होते, त्याने १८६२ मध्ये तिथल्या मूळ रहिवासी डकोटा लोकांना नष्ट करा किंवा हाकलून द्या अशी भाषा केली होती. मुलांनी इतिहास वाचला, सभा घेतल्या आणि शाळेला न्यायमूर्ती पेज यांचे नाव मिळवून दिले. सप्टेंबर २०१८ मध्ये डायान यांचे कर्करोगाने निधन झाले. दोनच महिन्यांनी पेज यांना अमेरिकेतील सर्वोच्च नागरी सन्मान, ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’, मिळाला. २०२० पासून, प्रत्येक मुलाला दर्जेदार सरकारी शिक्षणाचा मूलभूत हक्क द्यावा अशी दुरुस्ती राज्यघटनेत व्हावी म्हणून ते झटले. शिक्षक संघटनेनेच तिला विरोध केला आणि ती अडली. १९९३ मध्ये अल्पमतात राहिलेला विचार त्यांनी पंचाहत्तरीतही सोडला नाही.

दुसरी बाजू

इथेच थांबलो तर गोष्ट गोड होईल, पण पूर्ण होणार नाही. पेज यांच्याच संघात १९७४ मध्ये फ्रेड मॅकनील नावाचा खेळाडू आला. तोही कृष्णवर्णीय, तोही हुशार. बारा हंगाम खेळला. त्यानेही खेळत असतानाच कायद्याचा अभ्यास सुरू केला आणि वकील झाला. म्हणजे पेज यांच्याच वाटेने चालला. पण वयाच्या चाळिशीतच त्याची स्मरणशक्ती दगा देऊ लागली. कामे हातून निसटली. २०१५ मध्ये, पेज न्यायासनावरून सन्मानाने उतरले त्याच वर्षी, मॅकनील ६३ व्या वर्षी वारला. मेंदूच्या तपासणीत दिसले की डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांनी होणारा विकार त्याला जडला होता.

दोघे एकाच मैदानावर खेळले, दोघांनी एकच अभ्यास केला. एकाचा मेंदू वाचला, एकाचा नाही. शिक्षण हे कवच आहे खरे, पण ज्या खेळात डोक्यावर आदळआपट होते, त्याची किंमत पदवीने चुकत नाही. मुलांना टाळ्यांच्या मागे लावण्यापूर्वी मोठ्यांनी हेही बघितले पाहिजे. खेळ जरूर खेळावा. पण शरीर मोडून खेळायला लावणारे लोक शरीर मोडल्यावर भेटायला येत नाहीत.

जमाखर्च

माझा धंदा आकड्यांचा, म्हणून शेवटी थोडा हिशेब मांडतो. पेज खेळातून निवृत्त झाले तेव्हा ३६ वर्षांचे होते. न्यायासनावरून उतरले तेव्हा ७०. मधली ३४ वर्षे शिक्षणाने भरली. खेळाची पंधरा वर्षे संपली तेव्हा वहीचे पुढचे पान कोरे नव्हते, कारण त्यावर लिहायला त्यांनी तिसाव्या वर्षी सुरुवात केली होती, सर्वत्र जयजयकार चालू असताना. पडत्या काळात शिकावेसे कुणालाही वाटते. चढत्या काळात पुस्तक उघडणे अवघड.

आता दुसरा हिशेब. वर्षाचे आठवडे ५२. पन्नास तास म्हणजे आठवड्याला पुरता एक तासही भरत नाही. तेवढा तास घरातल्या शिकलेल्या मुला-मुलीने शेजारच्या लहानग्याला द्यावा, यासाठी ना संस्था लागते, ना देणगी, ना सत्कार. अमेरिकेतील मुलांना तो पैशाच्या अटीवर द्यावा लागतो. आपण तो बिनअटीने देऊ शकतो.

डावपेचांची वही हाती घेऊन मान खाली घालून बसलेले ते धिप्पाड गडी आठवा. लहानपणी कुणीतरी त्यांच्या शेजारी आठवड्याला एक तास बसले असते तर? पेज यांना हा प्रश्न आयुष्यभर छळत राहिला. तो आपल्यालाही थोडा छळू द्या. या रविवारी आपल्या चाळीत, आपल्या वस्तीत, कोणते मूल वाचताना अडखळते ते बघा, आणि त्याच्याजवळ जाऊन बसा.